माझे शेअर, दादाचा निर्णय

माझा चेहरा बघून एक गृहस्थ घाबरले, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गारखेडा भागात माझी छोटी लॅब आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग असते आणि त्याच वेळी आदल्या दिवशीचे रिपोर्ट न्यायला आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. या कामात चेहरा कोरा ठेवायला शिकावं लागतं. रिपोर्ट चांगला असो नाहीतर वाईट, पाकीट त्याच हातानं द्यायचं आणि त्याच आवाजात सांगायचं, "तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." बाकावरची माणसं आपल्या भुवयांकडे बघत असतात. पाकीट उघडण्याआधी ती आपल्याला वाचून घेतात. मला कोरं राहणं चांगलं जमायचं. नवरा म्हणायचा, तुझ्याशी भांडण्यात मजा नाही, भिंतीशी भांडल्यासारखं वाटतं. मी ती तारीफ समजत होते.

त्या सकाळी एका निवृत्त गृहस्थांचा रिपोर्ट पाकिटात घालण्याआधी मी शेवटचा नजरेखालून घालत होते. शेजारी मोबाइल उघडा होता. शेअर बाजार नुकताच सुरू झाला होता आणि ज्या कंपनीचे शेअर माझ्याकडे सगळ्यात जास्त होते, तिचा भाव उघडताच खाली आपटला होता. मी आकडा बघितला, मग रिपोर्ट बघितला, मग पाकीट त्यांच्यापुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"मॅडम, काय निघालं?"

"काही नाही निघालं. सगळं व्यवस्थित आहे."

"मग तुमचं तोंड असं का झालं?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. साखर, थायरॉइड, किडनी, एकेक आकडा बोट ठेवून समजावला. ते मान हलवत राहिले. डॉक्टर आपल्यापासून काहीतरी लपवतायत अशी खात्री झालेला माणूस जशी मान हलवतो तशी. शेवटी त्यांच्या बायकोनं दंडाला धरून त्यांना उठवलं. नंतर कळलं की त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन सगळ्या तपासण्या पुन्हा करून घेतल्या. तिथंही सगळं व्यवस्थितच आलं, पण ते माझ्याकडे परत आले नाहीत. त्यांना काय सांगणार होते मी? की तुमचं रक्त चांगलं आहे, माझे शेअर पडले?

त्या दिवशी दुपारी मी डबा न उघडता बसून राहिले. हजारो लोकांचे वाईट रिपोर्ट हातातून गेले, तेव्हा भुवई हलली नाही. आणि एका आकड्यानं माझं तोंड उतरलं, तेही अनोळखी माणसाला दिसेल इतकं.

आता ते शेअर कुठून आले ते सांगायला हवं.

बिडकीनजवळ आमची शेती होती. औद्योगिक पट्टा आला त्यात ती गेली. वडील त्याआधीच वारले होते. मोबदला आला तेव्हा मी सही करायला तयार होते. आमच्याकडे बहिणी हक्क सोडल्याची सही करतात, साडी घेतात आणि चहा पिऊन घरी जातात. आम्ही दोघंच भावंडं, दादा मोठा. मी त्याला विचारलं, "कुठं सही करायची?" तो म्हणाला, "तुझ्या खात्याचा नंबर लिही आधी. सहीचं मग बघू." त्यानं मला बरोबर अर्धा हिस्सा दिला. कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो, आणि नंतरही बोललो नाही.

पैसे बँकेत पडून राहिले. दादा वाळूजला एका मोठ्या कंपनीत विभागप्रमुख आहे. तिथं जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाइल काढून शेअर बघत बसतात. त्यातल्या एकानं त्याला खातं उघडून दिलं. मग दादानं मला उघडून दिलं. आम्ही दोघं शिकलेले, दोघांनाही आकड्यांची सवय, त्यामुळं आपल्याला हे जड जाणार नाही असं वाटलं. वाचलेल्या प्रत्येक लेखात एकच उपदेश होता, भावना बाजूला ठेवा. मला वाटलं, हे तर माझं रोजचंच काम आहे.

दादानं बहुतेक शेअर स्वतःच्याच कंपनीचे घेतले. मी सगळ्यात जास्त घेतले ते तपासणीची किट आणि रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीचे. तिची किट मी लॅबमध्ये वर्षानुवर्षं वापरत होते. कधी दगा दिला नव्हता. तेव्हा मला हा अभ्यास वाटला होता. आज विचार केला तर ते प्रेमच होतं, पण प्रेमात अभ्यास नसतोच असंही नाही. इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

आई दादाकडे राहते. आमच्याच शहरात, सातारा परिसरात त्याचं घर आहे. दादा बाजाराचा चॅनल लावून कामावर जायचा, ती तोच बघत बसायची. इंग्रजी तिला कळत नाही, पण खालची लाल-हिरवी पट्टी कळते. तिला सांगितलं होतं की जमिनीचे पैसे आता शेअरमध्ये ठेवलेत. तिनं त्याचा अर्थ तिच्यापुरता लावला. मी फोन केला की विचारायची, "आज आपली जमीन लाल झालीय का हिरवी?"

मी तिला दोनदा समजावलं की ती जमीन नाही. मग सोडून दिलं, कारण मोबाइलवर लाल दिसलं की मलाही आतून बांध खचल्यासारखं व्हायचं. भाव पडला की वाटायचं, वडिलांच्या रानातला एक तुकडा गेला. चढला की वाटायचं, परत आला. असं रोज होत असेल तर माणसाचं तोंड उतरणारच.

त्या गृहस्थांच्या प्रकारानंतरच्या रविवारी मी दादाकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "माझं पण तेच होऊ लागलंय. मशिनपुढं उभा असतो आणि हात खिशाकडं जातो."

मी म्हणाले, "दादा, डॉक्टर आपल्या घरच्या माणसावर उपचार करत नाहीत. पोरीला डेंग्यू झाला होता तेव्हा तिच्या प्लेटलेट्सचे रिपोर्ट मी मैत्रिणीला वाचायला दिले होते. आकडा समोर असायचा आणि मला दिसायचा नाही."

"मग?"

"मग आपण अदलाबदल करू. तुझे शेअर विकायचे का ठेवायचे ते मी सांगणार. माझं तू सांगायचं. बटण आपापलं आपण दाबायचं, पण निर्णय दुसऱ्याचा. तुझ्या पैशात माझा जीव अडकणार नाही, माझ्यात तुझा नाही."

दादा म्हणाला, "आणि नाय पटलं तर?"

"तरी करायचं. कारण विचारायचं नाही."

वहिनी तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नात असंच असतंय." त्यावर मात्र दादा हसला, आणि ठरलं.

मी काम मन लावून केलं. दादाच्या कंपनीचे कागद काढून रिपोर्ट वाचावा तसे वाचले. नफा प्रत्येक तिमाहीला थोडा थोडा उतरत होता. मुख्य म्हणजे दादाचा पगार तिथला, पुढं मिळणारी ग्रॅच्युइटी तिथली, आणि बचतही तिथंच ठेवलेली. उद्या कंपनी आजारी पडली तर सगळं एकदम झोपणार. कोणी परका माणूस हे कागद घेऊन आला असता तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. म्हणून एका वाक्यात सांगितलं. दुपारी त्याला फोन केला.

"दादा, तुझ्या कंपनीचे शेअर विकून टाक."

त्याच्या मागं मशिनचा आवाज येत होता.

"सगळे?"

"सगळे."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "काय सांगितलंत हो त्यांना? आल्यापासून चहा नाही घेतला. गच्चीवर जाऊन बसलेत." मी म्हणाले, काही नाही, शेअर विकायला सांगितले. त्या म्हणाल्या, "कोणाचे?" मी सांगितलं. चहा गच्चीवरच नेते, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच बोलला. "सकाळी गेटवर कार्ड लावलं तर असं वाटलं की वॉचमन माझ्याकडं बघायलाय."

"अरे, कोणालाच माहीत नाही."

"मला म्हाईत हाय ना."

मला वाईट वाटलं, पण मनात मी म्हणाले, हेच तर काढून टाकायचं होतं. गाठ काढताना दुखतं, म्हणून ती ठेवायची नसते.

आणि काही महिन्यांनी त्याच्या कंपनीला मोठी ऑर्डर लागली. मला हे बातमीतून कळलं नाही, दादाकडून कळलं, आणि तेही आडून. फोनवर आईच्या गुडघ्याचं बोलणं चाललं होतं. मध्येच म्हणाला, "आज कॅन्टीनला जिलबी वाटली."

"कशाची?"

"नवी ऑर्डर लागली. सगळे खुश हायेत."

मी फोन ठेवून भाव बघितला. विकला त्यापेक्षा कितीतरी वर गेला होता, आणि पुढचे कित्येक दिवस जातच राहिला. मी त्याला परत फोन केला आणि म्हणाले, "दादा, चुकलं माझं."

तो म्हणाला, "कारण विचारायचं नाय असं ठरलंय ना बाई. मग माफी पण मागायची नाय."

चुकलं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. माझ्या कामात रिपोर्ट बरोबर असतो किंवा चूक असतो. शंका आली तर नमुना परत घेता येतो. इथं नमुना एकदाच मिळतो. तेच कागद आज कोणी माझ्यापुढं ठेवले तर मी तेच सांगेन, असं मला वाटतं. पण मग दुसरी एक गोष्ट आठवते.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दादाला रजा मिळत नव्हती. ऑडिट चालू होतं. तो ड्यूटी संपवून धावत यायचा आणि खुर्चीवर बसल्या बसल्या झोपायचा. वडील त्याच्याकडे बघत राहायचे, उठवू द्यायचे नाहीत. त्या कंपनीचा मला तेव्हापासून राग होता. कोणाला बोलून दाखवला नाही, पण होता. मग मी दादाला 'सगळे विक' म्हणाले ते कोण म्हणालं? कागद वाचणारी मी, का खुर्चीवर झोपलेल्या भावाकडे बघणारी मी? निम्मे विक असं का नाही म्हणाले? यावर मी खूप विचार केला. ज्या रागाचं आपल्याला भान नसतं, तो भावनेत धरायचा की नाही, हे कुठल्या लेखात लिहिलेलं नसतं.

आता माझ्या शेअरचं काय झालं ते. किट बनवणारी कंपनी वरखाली होत होती. पडली की मी दादाला फोन करायचे. नियमाप्रमाणं फक्त विचारायचं होतं, पण मी वाचलेलं सगळं त्याला ऐकवायचे. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "राहू दे सध्या." मी ठेवायचे. चार दिवसांत भाव सावरायचा. असं बरेचदा झालं. मला आश्चर्य वाटायला लागलं. मी इतके कागद वाचून एकच निर्णय दिला आणि तो असा फसला, आणि हा एवढंसं बोलतो आणि बरोबर निघतो.

मग मुलीला पुण्याला कॉलेजात प्रवेश मिळाला. आम्ही तिला हॉस्टेलवर सोडायला गेलो. गादी घातली, कपाटात कपडे लावले, तिनं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीशी ओळख करून दिली आणि मग आम्ही निघावं म्हणून ती दारात उभी राहिली. गाडीत बसेपर्यंत मी नेहमीसारखी होते. नगरच्या अलीकडे आलो आणि बांध फुटला. नवरा गाडी चालवत होता. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"कुठं आहेस?"

"रस्त्यात. येतोय घरी."

"जेवलीस का?"

"हो."

एवढंच. मुलीला सोडायला आम्ही कधी जाणार हे मी त्याला नीट सांगितलं नव्हतं, तो पुढच्या आठवड्यात धरून चालला होता. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तसा त्याचा फोन. "तुझ्या त्या कंपनीचे निम्मे विकून टाक."

मी विचारलं नव्हतं. भाव पडलेलाही नव्हता, उलट बरा होता. पण कारण विचारायचं नाही हा नियम मीच केला होता. मी निम्मे विकले.

त्यानंतर काही दिवसांनी बातमी आली की त्या कंपनीच्या एका कारखान्यात सरकारी तपासणीत काहीतरी गडबड निघाली आणि तिथलं उत्पादन थांबवलं. भाव पडला, आणि या वेळी सावरला नाही. सावरेल सावरेल म्हणता तिथंच बसला. माझं निम्मं वाचलं होतं.

मी थक्क झाले. नवऱ्याला म्हणाले, दादाला यातलं खरंच कळतं. त्याला आतून काहीतरी दिसतं. नवरा म्हणाला, "मला यात घेऊ नका." मी दादाला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "अंदाज." मी खनपटीला बसले तर विषय बदलायचा. मला वाटलं, हा नम्रपणा आहे. कुठले आकडे बघतो ते एकदा शांतपणे शिकून घ्यायचं मी ठरवलं आणि एका रविवारी त्याच्याकडे गेले.

दादा बाहेर गेला होता. वहिनी भाकरी करत होत्या. वहिनी घरी गणिताच्या शिकवण्या घेतात, बोलतात कमी. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "वहिनी, दादा शेअरचं नेमकं बघतो काय? मला सांगत नाही तो."

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू का? त्यांनी तुमच्या कंपनीचं नाव तरी कधी नीट घेतलंय का? 'ती रक्ताची कंपनी' म्हणतात."

"म्हणजे?"

"ते काही बघत नाहीत. तुमचा आवाज ऐकतात. फोन ठेवला की मला म्हणायचे, आज घाबरलीय, आज विकायला लावलं तर जन्मभर मनाला लावून घेईल, दोन दिवस जाऊ दे."

"आणि निम्मे विकायला सांगितले ते?"

"त्या दिवशी फोन ठेवला आणि म्हणाले, आवाज पार बसलाय तिचा. एवढं ओझं तिला झेपायचं नाय. निम्मं तरी कमी करू."

तव्यावरची भाकरी वहिनींनी उलटली. मी तिथंच उभी होते. मला हसू येत होतं आणि कानशिलं गरम झाली होती. कोणाची तरी फसवणूक झाली होती, पण कोणी केली आणि कोणाची झाली ते लागत नव्हतं. आवाज ऐकून निर्णय घ्यायचा, यापेक्षा मोठी भावना कुठली असते? तीच तर दूर ठेवायची म्हणून आम्ही हा सगळा घाट घातला होता.

दादा आला तेव्हा मी सरळ विचारलं. "तू माझा आवाज ऐकून सांगायचास?"

त्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनी जेवणाची ताटं घेत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "मग काय बघायचं होतं? मला तुझ्या कंपनीतलं काय कळतंय? तुझं कळतंय तेवढं बघितलं."

"दादा, त्या दिवशी मी शेअरसाठी रडत नव्हते. आम्ही पोरीला हॉस्टेलवर सोडून येत होतो."

तो पाटावर बसता बसता थांबला. "त्या दिवशी सोडलं व्हय तिला? मला वाटलं भाव पडला म्हणून रडायलीस."

"भाव पडलाच नव्हता."

"मग आपण विकलं ते कशामुळं?"

"ते मी तुला विचारतेय."

दादाच्या चेहऱ्यावर मी लहानपणी बघितलेला एक भाव होता. शाळेत गणित चुकीच्या रीतीनं करूनही उत्तर बरोबर आलं की तो असा व्हायचा. गुरुजींना दाखवायचं की खोडायचं, त्याला कळायचं नाही.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "तू नीट वाचून सांगितलंस ते चुकलं. आणि मी चुकीचं ऐकून सांगितलं ते बरोबर आलं."

"हो."

"मग आता शिकायचं काय यातून?"

आई आतल्या खोलीतून म्हणाली, "काय झालंय? लाल झालंय का?" दादा म्हणाला, "नाय गं, आज रविवार आहे, बंद असतंय." मग आम्ही जेवलो.

जेवून झाल्यावर दादानं मला रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत म्हणाला, "एक सांगू? तुझ्यासाठी सांगताना मला माझ्यापेक्षा जास्त भ्या वाटायचं. माझं बुडालं तर माझं बुडालं. तुझं माझ्या हातनं बुडालं असतं तर?"

मलाही तेच होत होतं. जिलबीच्या दिवसापासून मी दादाच्या कंपनीचा भाव रोज बघत होते. त्याच्याकडे एकही शेअर राहिला नव्हता, तरी बघायचे, आणि तो चढला की दादाचं किती गेलं याचा हिशोब मांडत बसायचे. स्वतःच्या शेअरसाठी मी इतकी कधी बेजार झाले नव्हते. दुसऱ्याच्या पैशात जीव अडकत नाही, असं मी म्हणाले होते. परक्याच्या नसेल अडकत.

अदलाबदल आम्ही त्याच महिन्यात बंद केली. दोघांनीही बरेचसे पैसे एका फंडात घातले, जो बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचं थोडं थोडं घेतो. त्यात कोणी ओळखीचं नसतं. कुठल्या कंपनीवर राग नाही, कुठल्या कंपनीचं कौतुक नाही. आईलाही मी सांगितलं की आता बघायचं नाही. ती म्हणाली, "बरं," आणि कीर्तनाचा चॅनल लावला, पण तिथंही खाली काही पळत असलं तर वाकून बघते.

हे सगळं ठीक झालं असं म्हणता आलं असतं. पण दोन गोष्टी राहिल्यात.

एक म्हणजे माझ्याकडे त्या किटवाल्या कंपनीचे निम्मे शेअर अजून आहेत. ते विकायला हवेत असं मला वाटतं, आणि ठेवायला हवेत असंही वाटतं. कारखाना पुन्हा सुरू झालाय, भाव मात्र जागचा हलत नाही. लॅबमध्ये त्यांचीच किट येतात, चांगली असतात. सकाळी खोका फोडताना मी कधीकधी त्यावरचं नाव बघत थांबते. मी मालक म्हणून बघते, गिऱ्हाईक म्हणून बघते, का जुनी ओळख म्हणून बघते, कोण जाणे. आता भाव मी सकाळी बघत नाही. लॅब बंद करताना बघते, समोर कोणी रिपोर्टसाठी बसलेलं नसताना.

दुसरी गोष्ट दादाची. मध्यंतरी त्यानं मला न विचारता त्याच्या कंपनीचे थोडे शेअर परत घेतले. विकले होते त्यापेक्षा बरेच महाग. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ही गुंतवणूक नाय. हे माझं हाय. फंडातलं गुंतवणूक आहे."

"मग त्याचा भाव बघतोस का?"

"बघतो की. पण बघून काय करायचं नसतंय."

मी यावर बरंच बोलू शकले असते. पगार तिथला, बचत तिथली, सगळं पुन्हा सांगितलं असतं. पण त्याचा आवाज चांगला होता. कित्येक महिन्यांत इतका चांगला ऐकला नव्हता. मी म्हणाले, "बरं केलंस." आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

परवा कळलं की वहिनींनीसुद्धा खातं उघडलंय. शिकवणीचे पैसे त्या त्यात घालतात. दादाला काय घेतलं ते माहीत नाही. त्यानं विचारलं तर त्या म्हणाल्या, मुलांची परीक्षा झाल्यावर सांगते. परीक्षा होऊन गेली. मी गेले होते तेव्हा त्या फळ्यावर वर्तुळं काढत होत्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत वाजत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी विचारलं, "वहिनी, काय घेतलंत?"

"घेतलंय काहीतरी."

"वाढलंय का?"

त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. त्या हसण्यावरून काही कळेना. इतकी वर्षं लोक माझ्या तोंडाकडे बघत आलेत, त्यांना कसं वाटत असेल ते मला तेव्हा थोडं कळलं. मी दारात उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. त्यालाही काही कळलं नव्हतं.